एकाकी तरंगाचा प्रश्न : रसेलपासून व्यस्त प्रकीर्णनापर्यंत

एखाद्या समीकरणाचे उत्तर सापडणे आणि त्या उत्तराचे महत्त्व ओळखले जाणे या दोन घटना एकाच वेळी घडतात असा नियम नाही. कधी कधी त्यांच्यामध्ये दोन-तीन पिढ्यांचे अंतर पडते. अरेषीय आंशिक अवकल समीकरणांच्या इतिहासात याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे एकाकी तरंग होय. स्वतःचा आकार न बदलता, न पसरता व न फुटता पुढे जाणारा पाण्याचा एकच उंचवटा गणितदृष्ट्या संभवतो की नाही, हा प्रश्न १८३४ पासून विद्वानांपुढे होता. त्याचे पूर्ण उत्तर १९६७ मध्ये मिळाले.

ही कथा सामान्यतः अशी सांगितली जाते : रसेल यांनी तरंग पाहिला, एअरी व स्टोक्स यांनी तो अमान्य केला, कोर्तवेख व द फ्रीस यांनी १८९५ मध्ये रसेल यांना न्याय दिला, पुढे सर्वांना त्याचा विसर पडला आणि १९६५ मध्ये त्याचा पुन्हा शोध लागला. हे कथन स्थूलमानाने असत्य नाही. तथापि तीन बाबतींत ते तपासून घेणे अवश्य आहे. एअरी यांची चूक साध्या अनवधानाची नव्हती. रसेल यांना मिळालेला न्याय १८९५ च्या बराच आधीचा होता. आणि ज्याचा विसर पडला ते उत्तर नव्हतेच, विसर पडला तो प्रश्नाचा.

१. कालव्यावरील निरीक्षण

जॉन स्कॉट रसेल (१८०८–१८८२) हे व्यवसायाने अभियंता. एडिंबरोजवळ हर्मिस्टन येथे युनियन कालव्यावर नौकांच्या गतीसंबंधी ते प्रयोग करीत होते. १८३४ च्या ऑगस्ट महिन्यात दोन घोड्यांनी ओढलेली एक नौका अकस्मात थांबली. परंतु तिच्या नाळेपाशी साठलेले पाणी थांबले नाही. त्याचा गोलसर, गुळगुळीत उंचवटा तयार झाला आणि तो मोठ्या वेगाने कालव्यातून पुढे निघाला. रसेल यांनी घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. उंचवट्याची लांबी सुमारे ३० फूट, उंची एक ते दीड फूट आणि वेग ताशी आठ-नऊ मैल होता. मैल-दोन मैल गेल्यावर कालव्याच्या वळणांत तो दिसेनासा झाला.

केवळ कुतूहल म्हणून रसेल यांनी ही घटना सोडून दिली नाही. लहान हौदात एका टोकाला साठवलेले पाणी एकदम सोडून त्यांनी असे तरंग हवे तेव्हा निर्माण केले, आणि आपले निष्कर्ष ब्रिटिश असोसिएशनपुढे १८४४ च्या अहवालात मांडले. त्यांतील चार निष्कर्ष येथे महत्त्वाचे आहेत.

पहिला निष्कर्ष वेगाचा. पाण्याची खोली ख, उंचवट्याची उंची उ, गुरुत्व त्वरण गु व तरंगाचा वेग वे मानल्यास वे² = गु × (ख + उ) असे सूत्र रसेल यांना प्रयोगातून मिळाले. अर्थात, उंच तरंग ठेंगण्या तरंगापेक्षा अधिक वेगाने जातो. कालव्यावरील आकडे या सूत्रात घातल्यास खोली व उंची यांची बेरीज सुमारे ४.३ ते ५.४ फूट येते. एवढ्या उथळ पाण्यात दीड फुटाचा उंचवटा ही किरकोळ बाब म्हणता येत नाही. दुसरा निष्कर्ष असा की, सोडलेले पाणी पुरेसे असेल तर त्यातून एक नव्हे, तर दोन किंवा अधिक तरंग निर्माण होतात आणि वेग भिन्न असल्यामुळे एकमेकांपासून विलग होतात. तिसरा असा की, पृष्ठभागावर उंचवट्याऐवजी खळगा निर्माण केला तर तो टिकत नाही. त्याच्यामागे लहान लहान लाटांची रांग लागते. चौथा असा की, समोरासमोर येणारे दोन तरंग एकमेकांतून पार होऊन जातात आणि त्यांचे रूप कायम राहते.

या चार निष्कर्षांपैकी पहिल्याची उपपत्ती रसेल यांच्या हयातीतच मिळाली. उरलेल्या तिहींपुढील प्रश्न मात्र जवळजवळ सव्वाशे वर्षे कोणी गणिताच्या भाषेत विचारलाच नाही.

२. आक्षेपाचे स्वरूप

राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८४५ मध्ये ‘एन्सायक्लोपीडिया मेट्रोपॉलिटाना’ या कोशातील भरती-ओहोटी व तरंग यांविषयीच्या प्रबंधात रसेल यांचे म्हणणे स्वीकारले नाही. रसेल यांच्या तरंगाला ‘महान’ वा ‘मूलभूत’ अशी विशेषणे द्यावीत, असे त्यांना वाटले नाही. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा. लांब तरंगाच्या प्रत्येक बिंदूचा वेग तेथील पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. माथ्यावर पाणी अधिक खोल असल्याने माथा पायथ्यापेक्षा वेगाने धावतो. त्यामुळे तरंगाची पुढची बाजू उत्तरोत्तर उभी होत गेली पाहिजे आणि शेवटी तरंग फुटला पाहिजे. म्हणून रूप न बदलणारा लांब उंचवटा संभवत नाही.

या अनुमानात तर्कदोष नाही. दोष असलाच तर तो गृहीतात आहे. पाण्याचा दाब सर्वत्र केवळ त्यावरील पाण्याच्या वजनाइतका असतो, म्हणजेच पाण्याच्या कणांचे ऊर्ध्व त्वरण नगण्य असते, असे एअरी यांनी मानले होते. हे गृहीत धरले की अपस्करण, म्हणजे भिन्न तरंगलांबीच्या तरंगांनी भिन्न वेगाने जाणे, समीकरणातून नाहीसे होते.

याच्या उलट, अत्यल्प उंचीच्या तरंगांची रेषीय उपपत्ती अपस्करण ठेवते आणि अरेषीयता सोडते. तिच्यानुसारही एकाकी उंचवटा टिकत नाही. मात्र कारण नेमके विरुद्ध आहे : त्याचे घटक तरंग वेगवेगळ्या वेगाने जाऊन तो पसरतो. एक उपपत्ती म्हणते की तरंग उभा होऊन फुटेल. दुसरी म्हणते की तो पसरून विरेल. दोन्ही त्याला मरण सांगतात. हे दोन परिणाम एकाच वेळी कार्य करीत असतील तर ते परस्परांना तोलून धरू शकतील, हा विचार मात्र कोणत्याच एका उपपत्तीच्या चौकटीत बसत नव्हता. जॉर्ज स्टोक्स यांनी १८४७ मध्ये सान्त उंचीच्या आवर्ती तरंगांवर मूलगामी लेखन केले, परंतु एकाकी तरंगाच्या स्थैर्याविषयी तेही साशंकच राहिले. पुढे १८९१ च्या एका टिपणात त्यांनी असा तरंग संभवतो हे मान्य केले.

या वादाचा अंतिम निवाडा फ्रिट्झ उर्सेल यांनी १९५३ मध्ये केला. तरंगाची उंची गुणिले तरंगलांबीचा वर्ग, भागिले खोलीचा घन, ही संख्या कोणती उपपत्ती लागू पडेल ते ठरवते, असे त्यांनी दाखवले. ती फार लहान असल्यास रेषीय उपपत्ती लागू पडते. फार मोठी असल्यास एअरी यांची. आणि एकाच्या आसपासच्या श्रेणीत असल्यास अरेषीयता व अपस्करण या दोहोंचा तोल साधतो. आपल्या क्षेत्रापुरते एअरी खरे होते. त्या क्षेत्राची सीमा त्यांनी निसर्गाची सीमा मानली, एवढाच त्यांचा प्रमाद.

३. उत्तर सापडले

रसेल यांच्या निरीक्षणांना पहिला भक्कम आधार फ्रान्समधून मिळाला. आंरी बाझँ यांनी दिजाँजवळील कालव्यात मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले. १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी रसेल यांचे वेगाचे सूत्र दृढ केले. त्यानंतर जोसेफ बुसिनेस्क यांनी १८७१ मध्ये ऊर्ध्व त्वरणाचा प्रथम क्रमाचा परिणाम हिशेबात घेऊन एकाकी तरंगाचे गणिती रूप काढले. लॉर्ड रॅले यांनी १८७६ मध्ये भिन्न मार्गाने तेच रूप मिळवले. रसेल यांचे सूत्र या दोघांच्या गणितातून आपोआप बाहेर पडते. तेव्हा रसेल हयात होते. तरंग संभवतो की नाही, या मूळ वादाचा निकाल तत्त्वतः येथेच लागला.

मग १८९५ चे महत्त्व कोणते? ॲम्स्टरडॅम येथील डीडरिक कोर्तवेख व त्यांचे शिष्य गुस्ताव द फ्रीस यांनी, द फ्रीस यांच्या १८९४ च्या प्रबंधाच्या आधारे, तो प्रसिद्ध लेख लिहिला. लांब तरंगांचे रूप बदललेच पाहिजे, हे मत लँब व बॅसेट यांच्या प्रतिष्ठित ग्रंथांतूनही आढळते, याचा त्यांनी लेखाच्या प्रारंभीच उल्लेख केला आहे. म्हणजे वादाचा निकाल लागून वीस वर्षे झाली, तरी पाठ्यग्रंथांत एअरी यांचेच मत चालू होते. कोर्तवेख व द फ्रीस यांनी एका दिशेने जाणाऱ्या तरंगांसाठी एकच सुटसुटीत समीकरण दिले. त्याच्याशी समतुल्य समीकरण बुसिनेस्क यांच्या १८७७ च्या विस्तृत ग्रंथात आढळते. परंतु त्याचा अभ्यास स्वतंत्र विषय म्हणून झाला तो १८९५ च्या लेखामुळे.

एककांची योग्य निवड केल्यास हे समीकरण शब्दांत असे मांडता येते : उंचीचा कालसापेक्ष अवकलज, अधिक उंची व तिचा स्थलसापेक्ष अवकलज यांच्या गुणाकाराची सहापट, अधिक उंचीचा तिसरा स्थलसापेक्ष अवकलज, यांची बेरीज शून्य. मधले पद एअरी यांची अरेषीयता; शेवटचे पद अपस्करण. दोन्ही प्रतिपक्षी येथे एकाच समीकरणात शेजारी शेजारी बसलेले आहेत.

त्याचे उत्तर काढण्याची रीत सोपी आहे. तरंग वे या वेगाने रूप न बदलता जातो असे मानावे आणि त्याच्याबरोबर चालणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने समीकरण लिहावे. आंशिक अवकल समीकरणाचे साध्या अवकल समीकरणात रूपांतर होते. ते एकदा समाकलित करावे. अवकलजाने गुणून पुन्हा समाकलित करावे. आणि दूर अंतरावर पाणी सपाट आहे, या अटीने दोन्ही स्थिरांक शून्य घ्यावेत. शेवटी मिळते ते असे : उताराचा वर्ग = उंचीचा वर्ग × (वे − उंचीची दुप्पट). माथ्यावर उतार शून्य असल्याने माथ्याची उंची वेगाच्या निम्मी येते. संपूर्ण रूप हायपरबोलिक सेकंट फलनाच्या वर्गाचे असते आणि त्याची रुंदी वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. उंच तो वेगवान आणि अरुंद. ठेंगणा तो मंद आणि रुंद. स्थिरांक शून्य न घेतल्यास विवृत्तीय फलनांनी व्यक्त होणारे आवर्ती तरंग मिळतात. एकाकी तरंग ही त्यांचीच, आवर्तनाची लांबी अनंत झाल्यावरची, सीमा होय.

परंतु या रीतीची मर्यादाही येथेच दिसते. कोणता तरंग टिकतो, एवढेच ती सांगते. मनास येईल तसा उंचवटा निर्माण केल्यास त्याचे पुढे काय होईल, याविषयी ती मौन पाळते. समीकरण अरेषीय असल्याने दोन उत्तरांची बेरीज हे उत्तर होत नाही. म्हणून दोन एकाकी तरंगांची गाठ पडल्यास ते एकमेकांचा नाश करतील, अशीच स्वाभाविक अपेक्षा होती. रसेल यांची उरलेली तीन निरीक्षणे नेमकी या प्रदेशातील होती.

४. लॉस अलामोस

हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला तो पाण्याच्या अभ्यासातून नव्हे. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता व स्टॅनिस्लाव उलाम यांनी लॉस अलामोस येथील मॅनिअ‍ॅक या गणकयंत्रावर एक प्रयोग केला. किंचित अरेषीय स्प्रिंगांनी जोडलेल्या वस्तुमानांची साखळी घेतली. तिची सर्व ऊर्जा एकाच, सर्वांत मंद कंपनप्रकारात घातली. आणि ती कालांतराने सर्व प्रकारांत समप्रमाणात वाटली जाईल, असे मानले. सांख्यिकीय यामिकीचा तो मूळ आधार होता. प्रत्यक्षात ऊर्जा मोजक्याच प्रकारांत फिरत राहिली आणि पुष्कळ काळानंतर, थोड्या टक्क्यांची तूट वगळता, जवळजवळ सर्वच पहिल्या प्रकारात परत आली.

हा अहवाल १९५५ च्या मे महिन्यातील आहे. फर्मी यांचे त्यापूर्वीच, १९५४ च्या नोव्हेंबरात, निधन झाले होते. या गणनेचे कार्यक्रम मेरी त्सिंगू यांनी लिहिले होते. अहवालाच्या पहिल्या पानावर काम करणाऱ्यांत त्यांची नोंद आहे. परंतु लेखकांत ती नसल्यामुळे अर्धशतकभर हा प्रश्न तीनच नावांनी ओळखला गेला. २००८ मध्ये तिएरी दोस्वा यांनी याकडे लक्ष वेधल्यानंतर त्सिंगू यांचे चौथे नाव जोडण्याचा प्रघात पडू लागला. ज्या शोधाचे साधनच गणकयंत्र होते, त्याच्या इतिहासात हे नाव गाळणे म्हणजे प्रयोग सांगून प्रयोगकर्ता गाळण्यासारखेच होते.

५. टक्कर आणि नामकरण

या कोड्याचा उलगडा नॉर्मन झाबुस्की व मार्टिन क्रस्कल यांनी केला. लॉस अलामोसच्या साखळीतील वस्तुमाने अतिशय जवळ आहेत असे मानून एका दिशेच्या तरंगांचा विचार केल्यास कोर्तवेख–द फ्रीस समीकरणच मिळते, हे त्यांच्या ध्यानी आले. १९६५ मध्ये त्यांनी ते समीकरण आवर्ती सीमेवर, कोसाइन आकाराच्या आरंभस्थितीतून, गणकयंत्राने सोडवले. आरंभी एअरी यांनी सांगितल्याप्रमाणेच तरंगाची एक बाजू उभी होत गेली. परंतु ती फुटण्याच्या बेतात असता अपस्करणाचे पद जागे झाले आणि त्या कड्यातून आठ एकाकी तरंग क्रमाने वर आले. उंच तरंग ठेंगण्यांना गाठीत, त्यांच्याशी एकरूप झाल्यासारखे दिसत, आणि पुन्हा आपापली उंची व वेग घेऊन बाहेर पडत. टक्कर झाल्याची खूण एवढीच राही, की उंच तरंग अपेक्षित जागेच्या थोडा पुढे व ठेंगणा थोडा मागे आढळे. काही काळानंतर आरंभीची स्थिती जवळजवळ पुन्हा प्रकट झाली.

कणांप्रमाणे वागणाऱ्या या तरंगांना त्यांनी इलेक्ट्रॉन, प्रोटॉन या शब्दांच्या धर्तीवर ‘सॉलिटॉन’ असे नाव दिले. येथे एक भेद लक्षात ठेवणे जरूर आहे. रसेल यांचे परस्परांतून जाणारे तरंग समोरासमोरून येणारे होते. झाबुस्की व क्रस्कल यांचे एकाच दिशेने जाऊन एकमेकांना गाठणारे. दोन्ही घटना एकच समजणे योग्य नव्हे. कोर्तवेख–द फ्रीस समीकरणाला समोरासमोरची टक्कर ठाऊकच नाही.

६. व्यस्त प्रकीर्णन

गणकयंत्राने दाखवले ते खरे, पण का खरे, याचे उत्तर दोन वर्षांत मिळाले. क्लिफर्ड गार्डनर, जॉन ग्रीन, मार्टिन क्रस्कल व रॉबर्ट मिउरा यांनी १९६७ मध्ये एक अनपेक्षित दुवा प्रसिद्ध केला. पाण्याच्या पृष्ठभागाचा आकार उलटा करून तो पुंज यामिकीतील श्रोडिंगर समीकरणाचे वर्चस् आहे असे मानावे. उंचवटा म्हणजे मग एक विहीर होते. कोर्तवेख–द फ्रीस समीकरणानुसार पृष्ठभाग कालानुसार बदलतो, विहिरीचा आकार बदलतो; परंतु तिच्यातील बद्ध अवस्थांची ऊर्जामूल्ये मुळीच बदलत नाहीत. प्रकीर्णनाची बाकीची सामग्री अगदी साध्या घातीय नियमाने बदलते. म्हणून आरंभीच्या आकारावरून प्रकीर्णनाची सामग्री काढावी, ती इष्ट काळापर्यंत पुढे न्यावी, आणि गेल्फंड, लेव्हितान व मार्चेन्को यांनी १९५० नंतरच्या दशकात सिद्ध केलेल्या रेषीय समाकल समीकरणाने तिच्यावरून पुन्हा आकार उभारावा. अरेषीय प्रश्न अशा रीतीने रेषीय पायऱ्यांनी सुटतो.

प्रत्येक बद्ध अवस्था म्हणजे एक सॉलिटॉन. बद्ध अवस्थेची ऊर्जा उणे क² असेल तर सॉलिटॉनची उंची २क² व वेग ४क² येतो. आरंभीचा उंचवटा हायपरबोलिक सेकंट-वर्गाच्या सहापट घेतल्यास बद्ध अवस्था दोन मिळतात, क = १ व क = २. म्हणून त्या एका उंचवट्यातून २ व ८ उंचीचे दोन तरंग निघतात आणि अनुक्रमे ४ व १६ या वेगांनी विलग होतात. दुपटीचा उंचवटा घेतल्यास एकच तरंग मिळतो.

येथे रसेल यांच्या हौदातील दुसऱ्या निरीक्षणाचे पूर्ण स्पष्टीकरण होते : अधिक पाणी म्हणजे अधिक खोल विहीर, अधिक बद्ध अवस्था, अधिक तरंग. तिसऱ्याचेही होते. खळगा उलटा केल्यास टेकडी होते. टेकडीत बद्ध अवस्था नसते. म्हणून खळग्यातून सॉलिटॉन निघत नाही, पसरणाऱ्या लहान लाटाच तेवढ्या उरतात. १८४४ च्या अहवालातील या दोन नोंदी १९६७ च्या गणिताचे जणू प्रायोगिक कोष्टकच होत.

७. नंतरचा विस्तार व एक इशारा

ही रीत केवळ एका समीकरणाचा योगायोग आहे काय, अशी शंका तेव्हा रास्त होती. पीटर लॅक्स यांनी १९६८ मध्ये तिचा सांगाडा रेषीय कारकांच्या जोडीच्या रूपात मांडला. व्लादिमीर झाखारोव्ह व अलेक्सेई शाबात यांनी १९७१ मध्ये ती अरेषीय श्रोडिंगर समीकरणाला लावून दाखवली, आणि शंका मिटली. त्याच वर्षी र्‍योगो हिरोता यांनी फलनाच्या लॉगरिथमचा दुसरा अवकलज घेऊन अनेक सॉलिटॉनांचे उत्तर थेट लिहिण्याची बीजगणिती युक्ती दिली. आकिरा हासेगावा व फ्रेडरिक टॅपर्ट यांनी १९७३ मध्ये काचेच्या प्रकाशतंतूंत असे स्पंद संभवतात असे भाकीत केले. १९८० मध्ये मॉलेनॉर, स्टोलेन व गॉर्डन यांनी ते प्रयोगाने खरे ठरवले.

या यशाबरोबर एक गैरसमजही रूढ झाला. प्रवासी तरंगाचे रूप गृहीत धरून साध्या अवकल समीकरणाकडे जाणे, ही १८९५ मधील रीत, आज संगणकाच्या साहाय्याने शेकडो समीकरणांना लावली जाते आणि मिळालेल्या प्रत्येक उत्तराला सॉलिटॉन म्हटले जाते. निकोलाय कुद्र्याशोव्ह यांनी २००९ मध्ये अशा लेखनातील सात नेहमीच्या चुका दाखवून दिल्या. जुनेच उत्तर निराळ्या वेषात नवे म्हणून देणे ही त्यांपैकी एक. इतिहासही तेच सांगतो. बेंजामिन, बोना व माहोनी यांच्या १९७२ च्या समीकरणालाही सेकंट-वर्गाचाच एकाकी तरंग आहे. परंतु तेथील दोन तरंगांच्या टकरीनंतर मागे लहानशी शेपटी उरते आणि तरंग पूर्वीचे राहत नाहीत. एकाकी तरंग असणे निराळे आणि सॉलिटॉन असणे निराळे. पहिल्यासाठी उत्तर पुरते. दुसऱ्यासाठी त्या उत्तराला टकरीच्या कसोटीस उतरावे लागते.

१९९५ च्या जुलै महिन्यात एडिंबरोजवळील युनियन कालव्याच्या एका नव्या जलसेतूला रसेल यांचे नाव देण्यात आले आणि तेथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी नौकेच्या साहाय्याने तो तरंग पुन्हा निर्माण करून पाहिला. रसेल यांचा हा गौरव यथोचितच होय. परंतु त्यांच्या चरित्राचा खरा बोध निराळा आहे. उपपत्ती नाही म्हणते, एवढ्यावरून त्यांनी निरीक्षण मागे घेतले नाही. आणि ज्यांची उपपत्ती तेव्हा कोणालाच देता आली नसती, ती निरीक्षणेही त्यांनी अहवालात तशीच लिहून ठेवली. बुसिनेस्कपासून द फ्रीसपर्यंतच्या गणितज्ञांनी त्यांच्या तरंगाचे उत्तर दिले. त्यांच्या हौदाने विचारलेला प्रश्न मात्र, उत्तर हाती असूनही, सात दशके तसाच पडून राहिला.